हुमण, निकालपत्र आणि रात्रीचा एपिसोड: गोव्यात लॉ शिकताना आठवडा कसा बसवायचा

मिरामारचं साळगावकर लॉ कॉलेज असो की मडगावचं कारे, पहिल्या सेमिस्टरच्या मुलांचं रडगाणं एकच: वेळ पुरत नाही. त्यात घरापासून लांब राहणाऱ्याच्या मागे स्वयंपाक लागतो, आणि अ‍ॅनिमेचा नाद असला तर रात्रीही जातात. हा लेख अशांसाठीच आहे. डिचोली, सत्तरी, काणकोण, पेडणे किंवा पलीकडच्या बांदा-सावंतवाडीहून येऊन पणजी-ताळगावात दोघा-तिघांत खोली केलेले, मेसच्या पातळ डाळीला कंटाळून स्वतः रांधू लागलेले, आणि "परीक्षा होईपर्यंत ते जपानी कार्टून बंद" असं आईने फोनवर बजावूनही न ऐकणारे. अ‍ॅनिमे सोडा, असा सल्ला इथे मिळणार नाही. सोडलेले बरेच पाहिलेत. दोन दिवस सुटतो आणि तिसऱ्या रात्री पहाटे चारपर्यंत चालतो.

भिंतीवर तासावारी वेळापत्रक चिकटवण्याचाही उपयोग नाही. लेक्चर पुढे ढकललं जातं, कदंबची बस डोळ्यांदेखत निघून जाते, गॅस नेमका गुरुवारी संपतो आणि वेळापत्रक आठवड्याभरात शोभेचं होतं. मी सांगतोय ती पद्धत वेगळी आहे. किती वाजले हे न बघता, हाती घेतलेल्या कामाला तुमचं काय लागतंय ते बघायचं: डोळे, हात, कान की डोकं.

१. आधी कामं उलगडून बघा

एक कोरा कागद घ्या आणि आठवड्यातली कामं एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे त्याला काय लागतं ते मांडा. निकालपत्र वाचायला डोळे आणि ताजं डोकं लागतं, हात रिकामे असतात. कलमांची उजळणी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली असेल तर नुसते कान पुरतात. लसूण सोलणं, मेथी निवडणं, कपडे घड्या करणं हे हातांचं काम. आदोळीवर नारळ खवणं हातांचं वाटतं, पण खरं ते डोळ्यांचं. तिथे नजर हलली की बोट गेलं. सबटायटलवाला अ‍ॅनिमे डोळे धरून ठेवतो, डब केलेला फक्त कान मागतो.

कागद भरला की दोन गोष्टी लगेच दिसतात. डोकं लागणारी कामं वाटतात त्याहून कमी असतात, पण ती आपण डोकं शिणल्यावर, रात्री जेवून, मांडी घालून करायला बसतो. आणि नुसत्या हातांच्या कामांत दिवसाचे दीड-दोन तास जातात, ज्यांत कान बेकार बसलेले असतात. पुढचं सगळं या दोन गळती बुजवण्याविषयी आहे.

२. सकाळ निकालपत्राची

सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंगा वाजतो तेव्हा उठा, पोळी-उंडे (गोव्याचे पाव) घ्या, चहा करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एक निकालपत्र वाचा. एकच. रोज एक झालं तरी सेमिस्टरच्या शेवटी तुम्ही वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे असता, कारण बाकीचे गाइडमधले चार ओळींचे सारांश पाठ करत असतात.

वाचायचं कसं ते गोव्याच्याच एका खटल्यावर दाखवतो. जोझे पाउलो कुतिन्यो विरुद्ध मारिया लुईझा व्हालेंतिना परैरा, सर्वोच्च न्यायालय, २०१९. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर निकालपत्रं फुकट मिळतात, तिथून उतरवून घ्या. वर हेडनोट दिसेल. ती संपादकाने लिहिलेली असते, निकालाचा भाग नसते, म्हणून तिच्यावरून नजर फिरवा आणि पुढे चला.

पहिल्या वाचनात फक्त घटना शोधा आणि तीन वाक्यांत लिहा: मूळ गोंयकार गृहस्थ, मुंबईत मालमत्ता, ती मृत्युपत्राने एकाच मुलीला दिली. मग प्रश्न लिहा, तोही प्रश्नचिन्हासकट: गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर असेल तर तिचा वारसा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने ठरेल, की भारतीय उत्तराधिकार कायद्याने? हा प्रश्न नीट मांडता आला तर निम्मं काम झालं. गोव्याच्या कायद्यात निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते, सगळीच्या सगळी मृत्युपत्राने एकाला देता येत नाही. भांडण का पेटलं ते आता कळेल.

दुसऱ्या वाचनात न्यायालय उत्तरापर्यंत कसं पोहोचलं ते बघा. ही संहिता परकीय कायदा आहे का? न्यायालय म्हणालं, नाही. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने संसदेनेच ती चालू ठेवली, म्हणून ती आता भारतीय कायदाच आहे. मग गोव्याच्या अधिवासींची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा त्याच संहितेने. हा झाला रेशो, म्हणजे निकालाचा बांधील आधार. समान नागरी कायद्याबद्दल, राज्यघटनेच्या अनुच्छेद ४४ बद्दल न्यायालयाने जे बोलून दाखवलं ते निकालाला अपरिहार्य नव्हतं, ते ऑबिटर. परीक्षेत मुलं नेमकं ऑबिटर फुलवून लिहितात, कारण ते वर्तमानपत्रात आलेलं असतं.

शेवटी सगळं एका पानात बसवा. दुसरं पान लागलं तर तुम्ही उतरवत होता, वाचत नव्हता. त्याच पानाच्या समासात एक टीप घाला: गोव्यात वारशाचं बरंचसं क्षेत्र आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्यात आलं आहे. इंटर्नशिपला वकिलांकडे गेलात की पहिल्याच आठवड्यात इन्व्हेंटरीची (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेची) फाइल हातात पडते, आणि बाहेरच्या राज्यातल्या पुस्तकांत तिच्याबद्दल अवाक्षर नसतं.

बेअर ॲक्टबद्दल, म्हणजे टीपांशिवाय छापलेल्या मूळ कायद्याबद्दल, थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू आहेत, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते. तेव्हा नोट्समध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा: खून ३०२, आता १०३, फसवणूक ४२०, आता ३१८, समान उद्देश ३४, आता ३(५), एफआयआर १५४, आता १७३, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५ब, आता ६३. ही यादी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, पुढे भांडी घासताना कामाला येते.

आणि हजेरी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी ७० टक्के सांगितली आहे. रात्रीच्या एपिसोडने सकाळचं लेक्चर बुडत असेल तर ते कितवं बुडालं हे कुठेतरी लिहून ठेवत चला. डोक्यातला हिशेब नेहमी आपल्या बाजूने झुकतो.

३. रविवार: बाजार आणि वाटण

आठवड्याचा स्वयंपाक रविवारच्या दोन तासांवर उभा असतो. सकाळी आठच्या आत पणजीच्या मासळी बाजारात जा. उशिरा गेलात तर चांगलं नुस्तें हॉटेलवाल्यांनी उचललेलं असतं. बांगडा घेताना कल्ला उघडून बघा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. पोटावर बोट दाबून सोडलं की खळगा राहता कामा नये. विकणारी "घे रे पुता, आयचेंच नुस्तें, कालचें न्हय" असं म्हणेलच, तरीही बोट दाबा. तिला राग येत नाही. कापून-साफ करून देणारे तिथेच बसलेले असतात. ते थोडे पैसे वाचवू नका, खोलीतल्या सिंकमध्ये मासे साफ केले की तीन दिवस घरमालकीण काकींचा चेहरा बघवत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. तेव्हा मासळी महाग आणि कमी मिळते, म्हणून मे महिन्यातच सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, सोलं (आमसुलं) आणि उकडे तांदूळ भरून ठेवायचे. गोव्यातली घरं पिढ्यान् पिढ्या पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. भाड्याच्या खोलीत एक पत्र्याचा डबाही पुरतो.

घरी आल्यावर पहिलं काम वाटण. दोघांच्या तीन जेवणांसाठी दीड नारळ खवून घ्या. त्यात अठरा-वीस सुक्या मिरच्या (बहुतेक बेडगी, तीन-चार तिखट), तीन चमचे धणे, पाऊण चमचा हळद. पाणी बेताचं घालून मिक्सरला लावा आणि मध्ये मध्ये थांबून, भांड्याच्या कडा खरवडून पुन्हा फिरवा. बोटांत चिमटीत धरलं तर रवाळ लागता कामा नये. विद्यार्थ्यांचं हुमण (नारळाच्या वाटणातली मासळीची कढी) फसतं ते इथेच: मिक्सर तापतो म्हणून अर्ध्यात बंद करतात, मग कढी फुटल्यासारखी दिसते, पाणी वेगळं आणि खोबरं वेगळं. चिंच आत्ता घालू नका. वाटणाचे तीन भाग करा, एक आज लागेल, दोन चपट्या पिशव्यांत भरून फ्रीझरला टाका. पिशवी चपटी असली की तुकडा लवकर सुटतो आणि वीज गेली तरी पटकन वितळून वाया जात नाही.

फ्रिजच नसेल तर ओलं खोबरं विसरा, गोव्याच्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतं. त्याऐवजी सुकं खोबरं, धणे, मिरी, लवंग, मिरच्या कोरड्या भाजून, पाणी न घालता दळून बरणीत भरा. रोज कांदा परतून त्यात हा मसाला घातला की अळसांद्यांचं (चवळीचं) नाहीतर पांढऱ्या वाटाण्याचं तोंडाक (रस्सा) होतं, उंड्यासोबत रात्रीचं जेवण भागतं.

आता हुमण. चार मध्यम बांगडे मीठ-हळद लावून बाजूला ठेवा. पातेल्यात वाटणाचा एक भाग, दीड वाटी पाणी, लिंबाएवढ्या चिंचेच्या निम्म्याचा कोळ आणि मीठ घालून उकळी आणा. आठ-दहा तिरफळं घ्या, आतलं काळं बी टाकून द्या, सालं थोड्या पाण्यात चेचून पाण्यासकट कढीत सोडा. उकळी आली की बांगडे सोडा, मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. पळीने ढवळू नका, पातेलंच कडेला धरून हलवा, नाहीतर मासे मोडतात. गॅस बंद करून वरून चमचाभर कच्चं खोबरेल आणि झाकण. फोडणी नको. तिरफळं बांगडा, तारले अशा तेलकट मासळीलाच शोभतात. सुंगटांच्या कढीला ती नको, तिथे कांदा आणि सोलं.

थोडी कढी उद्यासाठी मुद्दाम राखा. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर आटवून घट्ट केलेली कालची कढी आणि पोळी, यापुढे पणजीतलं कुठलंही कॅफे मला फिकं वाटतं.

सोमवारी शिवराक (शाकाहार) पाळत असाल तर शनिवारी रात्री मूग भिजत घाला, रविवारी सकाळी फडक्यात बांधा, सोमवारी मोड तयार. वाटणाचा दुसरा भाग त्यात जातो आणि मुगागाठी होतात. घरी आई सालं काढते. आपण काढायची नाहीत.

४. कुठल्या कामाला सब, कुठल्याला डब

अ‍ॅनिमेचा साधा एपिसोड साधारण २४ मिनिटांचा असतो. त्यात दीड मिनिट ओपनिंग, दीड मिनिट एंडिंग. स्वयंपाकघरात इतकं सोयीचं माप दुसरं नाही. भिजवलेले उकडे तांदूळ कुकरात लावून शिट्या होऊन वाफ जिरेपर्यंत जवळपास एक एपिसोड जातो. डाळ-भात त्याहून लवकर होतो, तो एपिसोडच्या मध्यापर्यंत आवरतो.

नियम सरळ आहे. आच चालू असताना आणि हातात धार असताना सब नाही. डोळे खालच्या ओळीवर असतात आणि तेव्हाच दूध उतू जातं. अशा वेळी डब लावा. क्रंचीरोल या स्ट्रीमिंग सेवेवर अनेक मालिका हिंदी, तामिळ, तेलुगूत डब केलेल्या मिळतात. डबला नाक मुरडणारे मित्र असतात. त्यांना म्हणावं, आधी अर्धा किलो सुंगटं सोलून दाखव. नव्याने बघताय, आवडीची मालिका आहे आणि मूळ आवाजच हवा आहे, तर ती ताटावर बसल्यावर: जेवण आणि एक एपिसोड, हात धुतले की बंद. दुसरा एपिसोड आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा. या लेखातलं एकच काम करणार असाल तर ते हे करा.

पूर्वी पाहिलेल्या मालिका भांडी-झाडू-कपड्यांसाठी राखा. ऐकूनच सगळं दिसतं.

पडद्यावरचं खाणं स्वतः करून बघायची हौस प्रत्येक फॅनला कधीतरी येतेच, आणि सुरुवात ओनिगिरीपासून, म्हणजे जपानी भाताच्या गोळ्यापासून, होते. उकड्या तांदळाची ओनिगिरी वळत नाही, बासमतीचीही नाही. उकडा भात दाणे भुशात असतानाच एकदा वाफवलेला असतो, म्हणून शिजल्यावरही सुटा आणि टणक राहतो. बासमतीत चिकटपणा आणणारा स्टार्च कमी असतो. इंद्रायणी घ्या. धुऊन अर्धा तास भिजवा, थोडा मऊसरच शिजवा, आणि चटका सोसेल इतका गरम असतानाच ओल्या हाताला मीठ लावून वळा. गार झाल्यावर वळायला गेलात तर डब्यात गोळ्याचा भात होतो. आत सारण म्हणून सुक्या सुंगटांची किसमूर भरा: डोकी-शेपट्या काढून तव्यावर कुरकुरीत भाजलेली सुंगटं, मिरचीपूड, सोलाचा किंचित आगळ, थेंबभर खोबरेल. एरवी किसमुरीत ओलं खोबरं आणि कच्चा कांदा असतोच, पण डब्यात न्यायची असेल तर दोन्ही वगळा, दुपारपर्यंत खराब होतात. नोरीचा (समुद्री शेवाळाचा) कागद महाग पडतो. नसला तरी काही बिघडत नाही, फक्त हात चिकट होतात.

५. सीझन आणि सेमिस्टर

जपानी टीव्हीचं वर्ष चार सीझनचं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका सीझनमध्ये मालिकेचे १२-१३ भाग, आठवड्याला एक. आता आपल्या परीक्षा बघा. सेमिस्टर संपायला येतो आणि नेमक्या एप्रिल-ऑक्टोबरच्या नव्या मालिका येऊन दारात उभ्या राहतात. हा योगायोग दर वर्षी पोरांना बुडवतो.

म्हणून जानेवारी आणि जुलै हे तुमचे चालू बघायचे सीझन. तेव्हा सेमिस्टर कोवळा असतो, आठवड्याला दोन मालिका म्हणजे पाऊण तास, सहज निघतो. एप्रिल-ऑक्टोबरच्या मालिका फक्त यादीत लिहा आणि परीक्षा संपल्यावर साठलेले भाग सलग बघा. तोवर स्पॉयलर टाळायला मालिकेचं आणि मुख्य पात्रांचं नाव समाजमाध्यमांवर म्यूट करा, ग्रुपलाही सांगून ठेवा. मांगा (जपानी कॉमिक्स) वाचणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला जेवायला बोलावून गप्प करता येतं.

लांबलचक मालिका सुरू करण्याआधी गुणाकार करा. 'डेथ नोट' ३७ भागांची, म्हणजे साधारण पंधरा तास. दिवाळीच्या सुट्टीत आरामात बसते. 'वन पीस' १९९९ पासून चालू आहे आणि ११०० भाग कधीच ओलांडले, म्हणजे चारशेहून जास्त तास. ती पहिल्या वर्षी सुरू केलीत तर पाच वर्षांच्या कोर्सला पुरेल, तशीच बघा, भांडी घासताना. मूट कोर्टच्या (सराव-खटल्याच्या) महिन्यात सुरू करू नका.

६. आवडता अ‍ॅनिमे प्रश्नपत्रिकेत

फौजदारी कायद्याच्या पेपरात घटना देऊन 'कोणता गुन्हा?' असं विचारतात. सराव करायला घटना कमी पडतात, आणि फॅनकडे त्या पोत्याने असतात. 'डेथ नोट'चंच घ्या. वहीत नाव लिहिलं, मरणाचं कारण लिहिलं नाही, तर चाळीस सेकंदांत हृदयविकाराने मृत्यू. आता न्याय संहिता उघडा.

उद्देश स्पष्ट आहे, कृतीही आहे. अडतं ते कार्यकारणावर: लिहिण्यामुळेच मेला हे अभियोग पक्ष सिद्ध कसं करणार? तज्ज्ञाचा पुरावा कुठल्या विषयातला? कलम १०० आणि १०१ यांतला फरक इथे मांडून बघा.

दुसरी घटना. वही बनावट निघाली, काहीच झालं नाही. मग हा प्रयत्न ठरतो का? कलम ६२ च्या खालचं उदाहरण वाचा: खिशात हात घातला, खिसा रिकामा निघाला, तरी चोरीचा प्रयत्न झाला. पण रिकाम्या खिशाचं तर्कशास्त्र जादूच्या वहीला लागतं का? खिशात पैसे असू शकले असते, वहीत मारण्याची ताकद असूच शकत नाही. इथे वर्गात दोन तट पडतात आणि दोन्ही बाजूंनी चांगलं उत्तर लिहिता येतं. परीक्षकाला तेच हवं असतं.

तिसरी: पहिलं नाव थट्टा म्हणून लिहिलं. दुसरं, पहिला मेल्याचं बातम्यांत बघितल्यावर. दोन मृत्यूंची जबाबदारी सारखी का नाही? चौथी: वही जाणूनबुजून दुसऱ्याच्या हातात ठेवणारा, कलम ४५ पासूनचं अपप्रेरण. चार घटना, प्रत्येकी एक पान, कलमांच्या आकड्यांसकट. जेवणानंतर रूममेटशी यावर भांडा. एक जण सरकारी वकील, दुसरा बचावाचा. सुस्त वेळेतही डोकं चालतं, कारण पात्रं आपली असतात. उत्तरपत्रिकेत मात्र मालिकेचं नाव लिहायचं नाही.

७. फॅनगिरी करताना

कॉस्प्लेचं (पात्राच्या वेशभूषेचं) चिलखत बनवायला शिकायचं तर व्हिडिओ बघण्याआधी ऑक्टोबरात आपल्याच वाड्यावर जा. नरकासुर करणारी पोरं पुठ्ठा, रद्दी, खळ, फोम आणि रंग यांतून आठ-दहा फुटांचा असुर उभा करतात. धातूसारखी चकाकी, वळवलेली शिंगं, पावसाच्या सरीत टिकणारा सांगाडा, सगळं त्यांना येतं. दोन रात्री हाताखाली काम करा, खांद्यावरची पट्टी कशी अडकवायची हे कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा लवकर कळेल. फरक एवढाच की तुमचं चिलखत पहाटे जाळायचं नसतं, म्हणून रद्दीऐवजी फोमची शीट वापरा, आणि कोपर-गुडघ्याला सांधा सुटा ठेवा. तलवार फोमचीच, खरी धार नको.

फॅन आर्टबद्दल लॉच्या मुलांनाच सगळे विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा. आवडतं पात्र वहीत काढलं, खोलीच्या भिंतीवर लावलं, तर कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक वापराला, टीका-समीक्षेला उचित व्यवहार म्हणून मोकळीक देतं. त्याच चित्राचे स्टिकर छापून स्टॉलवर विकले की मोकळीक संपली. 'मीच काढलंय' हा बचाव पुरत नाही, कारण पात्राचं मूळ चित्र दुसऱ्याचं आहे. जपानमध्ये फॅनमंडळी स्वतःच्या मांगा-पुस्तिका उघड विकतात, तोक्योचं कॉमिकेत हे त्यांचं प्रदर्शन १९७५ पासून भरतं. तिथे अशा उल्लंघनावर फौजदारी कारवाई व्हायला सहसा मालकाने तक्रार करावी लागते, आणि मालक डोळेझाक करतात. आपल्याकडे कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. शंभर रुपयांच्या स्टिकरसाठी कोणी पकडायला येईल असं नाही, पण वकिलीची सनद घ्यायची असलेल्या माणसाने हा जुगार खेळू नये. विकायचंच तर स्वतःची पात्रं काढा. दशावतारातला संकासुर कुणाच्या मालकीचा नाही, आणि अ‍ॅनिमेच्या रेषेत तो झकास दिसेल.

पायरेटेड साइट्सचंही तेच. वर्गणी तिघांत वाटली तर महिन्याला एका फिश थाळीहून कमी पडते, प्लॅनमध्ये किती स्क्रीन चालतात तेवढं आधी बघा.

८. परीक्षेचा महिना

या महिन्यात नवी रेसिपी नाही आणि नवी मालिकाही नाही. फ्रीझरमध्ये वाटणाच्या चार पिशव्या आधीच हव्यात. सकाळी अकराच्या सुमारास पेज: उकड्या तांदळाची, मऊ शिजवलेली, पाण्यासकट, सोबत लोणचं नाहीतर सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. पोट भरतं, झोप येत नाही. दुपारी बिर्याणी मागवणारे तीन वाजता पुस्तकावर डोकं ठेवून घोरत असतात.

पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी वीज जाते, म्हणून बेअर ॲक्ट छापील असू द्या, एका पानाच्या नोट्सही कागदावर. दोन-तीन जुने एपिसोड डाउनलोड करून ठेवा, इन्व्हर्टर नसलेल्या खोलीत संध्याकाळचा तास त्यांवर निघतो.

रोज एक एपिसोड चालेल, जेवताना, पाहिलेल्या मालिकेचा. पेपरच्या आदल्या रात्री तोही पाहिलेलाच, कारण नव्या मालिकेचा अर्धवट शेवट डोक्यात फिरत राहतो आणि कलमांना जागा उरत नाही. मग हॉल तिकीट, दोन पेनं आणि पाण्याची बाटली पिशवीत भरा, पेजेचे तांदूळ भिजत घाला, मित्रांच्या ग्रुपवर 'कुठला प्रश्न येईल' ही चर्चा सुरू झाली असेल तर ती न उघडता म्यूट करा आणि अकराच्या आत झोपा.